सग्रादा फामिलिया: तिकिटांच्या पैशांवर चर्च उभं राहिलं, पण शेजाऱ्यांच्या घरांचं काय?

स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात सग्रादा फामिलिया चर्चचं बांधकाम 1882 मध्ये सुरू झालं. ऑक्टोबर 2025 मध्ये ते जगातलं सर्वात उंच चर्च ठरलं. मग एवढी वर्षं का लागली?

मुख्य कारण पैसा. हे चर्च लोकांच्या देणग्यांवरच बांधायचं ठरलं होतं. देणग्या आटल्या की काम रखडायचं. वास्तुविशारद अँटोनी गाउडी 1926 मध्ये ट्रामच्या धडकेनंतर वारले, तेव्हा थोडाच भाग उभा होता. आता बहुतेक पैसा पर्यटकांच्या तिकिटांतून येतो. त्यामुळे 2020 मध्ये कोरोनानं पर्यटक थांबले आणि बांधकामही थांबलं.

गंमत म्हणजे महापालिकेचा बांधकाम परवाना मिळाला थेट 2019 मध्ये! त्यासाठी आदल्या वर्षी चर्चनं 10 वर्षांत 3.6 कोटी युरो द्यायचं कबूल केलं होतं.

खरा पेच पुढेच आहे. मुख्य प्रवेशाच्या बाजूला भव्य जिना प्रस्तावित आहे आणि त्या जागेवर आज लोक राहतात. जिना गाउडींच्याच मूळ कल्पनेत होता, असं चर्चचं म्हणणं. रहिवाशांना ते अजिबात मान्य नाही. तिकिटांतून जिन्याचा खर्च निघेलही, पण घरं पाडायची परवानगी महापालिकेकडूनच मिळवावी लागेल.