टिकायला हवेत ते डोळे



मागच्या वर्षी १४ एप्रिलच्या आदल्या संध्याकाळी आमच्या विहारात मुलींच्या नाचाची शेवटची तालीम होती. पांढऱ्या साड्या, निळे ब्लाउज, पापण्यांवर निळी आयशॅडो आणि काळं लायनर, असं सगळं ठरलेलं. एकीनं बाजारातून जेल आयशॅडोची एक डबी आणि जेल लायनरची एक डबी आणली. सोबत ब्रश एकच. रंग उठून दिसतो का, उन्हात घामानं पसरतो का, हे बघायला मुलींनी आधी मनगटावर रेघा ओढल्या. बोटानं घासून पाहिलं, पाणी टाकून पाहिलं. रेघ हलली नाही. सगळ्या खूश! मग त्याच ब्रशनं, त्याच डबीतून, एकीमागून एक चौदा मुलींचे डोळे रंगले. त्यातल्या एकीचा डोळा सकाळपासूनच चुरचुरत होता. ती बोलली नाही. बोलली असती तर नाचातून वगळली गेली असती.

जयंती झोकात झाली. तिसऱ्या दिवशी माझ्या दारात चार जणी उभ्या. डोळे लाल, पापण्या चिकटलेल्या, सारखं पाणी. आठवडा संपेपर्यंत आकडा नऊवर गेला. त्यातल्या एकीची सीईटी तोंडावर होती. ती पुस्तक उघडायची आणि डोळे मिटून बसायची.

मी मुलींना रागावले नाही. कारण तपासायची सवय त्यांना होतीच, आणि ती चांगली सवय आहे. फक्त त्यांनी दोनच प्रश्न विचारले होते. रंग कसा दिसतो? किती टिकतो? तिसरा प्रश्न राहून गेला. हा रंग माझ्या डोळ्याचं काय करतो? माझं म्हणणं एवढंच आहे की या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय पहिल्या दोन उत्तरांना किंमत नाही.

आधी घरातल्या मोठ्यांच्या शंकेला उत्तर देते. ‘हवीत कशाला ही थेरं? आपल्या धम्मात शृंगार बसतो का?’ असं एका आजींनी मला विचारलं. उपोसथाला अष्टशील घेणारे उपासक-उपासिका त्या दिवशी माळा, सुगंध, शृंगार वर्ज्य करतात. ते ज्याचं त्यानं स्वेच्छेनं घेतलेलं शील आहे. रोजच्या पंचशीलात काजळाला बंदी नाही. आणि १९२७ च्या डिसेंबरात महाडच्या परिषदेला आलेल्या आपल्या आज्या-पणज्यांना बाबासाहेबांनी काय सांगितलं होतं? अस्पृश्यतेची खूण पटवणारी लुगड्याची तऱ्हा आणि अंगावरचे ते दागिने टाका, स्वच्छ आणि नीटनेटक्या राहा. आपण कसं दिसायचं हे आपण ठरवायचं, हा त्यातला अर्थ मला कळतो. म्हणून मुलीनं डोळ्यांना रंग लावला तर मला आनंदच आहे. मात्र बाजार सांगतो म्हणून नको. तिनं स्वतः तपासून लावावा. वंदनेत आपण रोज ‘एहिपस्सिको’ म्हणतो. या आणि पाहा. ज्या धम्मानं स्वतःलाही तपासून घ्या असं सांगितलं, त्याच्या लेकींनी सत्तर रुपयांची डबी न तपासता का घ्यावी?

जेल टिकतं कसं?

जेल लायनर आणि जेल आयशॅडो म्हणजे मेण, रंगाची बारीक पूड आणि उडून जाणारा पातळ द्रव यांचं मिश्रण. लावल्यावर मिनिटभरात द्रव उडून जातो आणि मेण-रंगाचा पातळ थर कातडीला धरून राहतो. म्हणून ते पाण्यानं लवकर जात नाही, पण तेलानं सुटतं. यातून दोन गोष्टी कळतात. एक, मनगटावर टिकलेली रेघ पापणीवर तितकी टिकेलच असं नाही, कारण पापणी तेलकट असते आणि मिनिटाला साधारण पंधरा वेळा मिटते. दोन, जे सहज निघत नाही ते काढताना आपण पापणी रगडतो. अंगावरची सगळ्यात नाजूक कातडी पापणीची. ‘चोवीस तास टिकेल’ हे डबीवर मोठ्या अक्षरात असतं. चोवीस तासांनी ते निघणार कसं, हे बहुतेक वेळा नसतं.

पापणीच्या कडेला, पापणीच्या केसांच्या आतल्या बाजूला, तेलाच्या बारीक ग्रंथींची तोंडं असतात. हे तेल अश्रूंवर पसरतं आणि डोळा कोरडा पडू देत नाही. त्या ओलसर आतल्या कडेवर लायनर किंवा काजळ भरलं की ही तोंडं बुजतात. मग डोळा कोरडा होतो, खुपतो, रांजणवाडी येते. म्हणून रेघ नेहमी पापणीच्या केसांच्या बाहेरून ओढायची. हा एक नियम पाळला तरी निम्मा त्रास टळतो.

कसोटी अशी घ्या

पहिली कसोटी वेष्टनाची. कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० प्रमाणे प्रसाधनाच्या वेष्टनावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख आणि आतल्या घटकांची यादी हवी. माल परदेशातून आलेला असेल तर आणणाऱ्याचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक हवा. कटलरीच्या दुकानात, लोकलमध्ये, आठवडी बाजारात खोक्याशिवाय सुट्ट्या डब्या मिळतात. कधी नावाजलेल्या कंपनीच्या नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे केलेलं असतं. ती डबी खाली ठेवा. प्रसाधनात घालायच्या रंगात दहा लाख भागांत २० भागांपेक्षा जास्त शिसं कायद्याला चालत नाही. निनावी डबीत किती आहे ते मनगटावर रेघ ओढून कळत नाही. शिशाला वासही नाही आणि ते चुरचुरतही नाही. घरची कोणतीही चाचणी इथं कामाची नाही. म्हणून वेष्टन वाचणं हीच चाचणी.

दुसरी कसोटी रंगाची. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली रंग पाहू नका. मनगटाच्या आतल्या बाजूला पातळ थर द्या, दुकानाबाहेर उजेडात या, मिनिटभर थांबा आणि मग पाहा. गोऱ्या कातडीसाठी बनवलेल्या फिकट छटा सावळ्या कातडीवर राखाडी, भुरकट दिसतात. तो त्या छटेचा दोष, तुमच्या कातडीचा नाही. ‘हा रंग तुम्हाला शोभणार नाही’ असं दुकानदार म्हणाला, तर ‘मग आम्हाला शोभेल असा दाखवा’ असं म्हणायचं. गडद निळा, जांभळा, तपकिरी, तांबूस रंग आपल्या कातडीवर किती खुलतो ते एकदा उन्हात पाहा. दुकानातला नमुना मात्र फक्त हातावर. तो शंभर जणींनी हाताळलेला असतो. तो डोळ्याला लावायचा नाही, आणि घरी आल्यावर हात साबणानं धुवायचा.

तिसरी कसोटी टिकण्याची आणि निघण्याची. घरी हातावर चार रेघा ओढा आणि पाच मिनिटं थांबा. एक कोरड्या बोटानं घासा, दुसरीवर पाणी टाका, तिसरीवर खोबरेल तेलाचा एक थेंब ठेवा, चौथी तशीच सोडून द्या. चौथी धुणी-भांडी, स्वयंपाक, बसचा प्रवास यांतून संध्याकाळपर्यंत कशी राहते ते पाहा. तेलाची रेघ हलक्या हातानं, एक-दोनदा पुसून निघाली पाहिजे. तेल लावूनही रगडावं लागत असेल तर तो रंग पापणीचा नव्हे.

चौथी कसोटी कातडीची. कोपराच्या खळगीत किंवा कानामागे थोडंसं लावा. रोज दोन वेळा, एकाच जागी, आठवडाभर. खाज, लाली, पुरळ आलं तर ते वापरायचं नाही. पहिल्याच वेळी काही झालं नाही म्हणून निर्धास्त राहू नका. ॲलर्जी बऱ्याचदा काही दिवसांनी उठते. सात दिवस निभावले तर घरी, काही काम नसताना, एका पापणीवर छोटी रेघ ओढा आणि दोन-तीन तास थांबा. लग्नाच्या किंवा जयंतीच्या दिवशी नवी डबी पहिल्यांदा उघडायची नाही.

काही गोष्टींना कसोटीही नको, सरळ नकोच म्हणा. केसांचा काळा डाय भुवयांना किंवा पापण्यांना लावू नका. त्यानं अंधत्व येऊ शकतं, हा इशारा वेष्टनावर छापलेला असतो. अक्षर बारीक असतं म्हणून कोणी वाचत नाही. स्टेशनरीच्या दुकानातली चमकी पापणीवर नको. तिचे कण डोळ्यात जाऊन बुबुळावर ओरखडा उठतो. वाळलेल्या जेलमध्ये पाणी, तेल किंवा थुंकी घालून ते पातळ करायचं नाही. वाळलं म्हणजे संपलं. उघडल्यापासून तीन ते सहा महिन्यांत डबी टाकून द्या, तळाशी जेल उरलं असलं तरी.

डबी एक, मुली चौदा

आता आमच्या विहारातल्या त्या संध्याकाळकडे येते. डबी एकच का होती? कारण प्रत्येकीला वेगळी परवडत नाही. ‘स्वतःची डबी वापरा’ एवढं सांगून मी मोकळी होऊ शकत नाही. एका डबीतही सगळ्यांचं निभतं, फक्त पद्धत बदलायची. डबीतलं जेल स्वच्छ चमच्याच्या दांड्यानं काढून धुतलेल्या स्टीलच्या ताटलीत वेगवेगळे ठिपके ठेवायचे. मुलीगणिक एक ठिपका. प्रत्येकीला नवीन इअरबड, एका डोळ्याला एक. वापरलेला बड पुन्हा ताटलीत नाही, डबीत तर नाहीच. उरलेला ठिपका पुसून टाकायचा, डबीत परत भरायचा नाही. जिचा डोळा लाल आहे तिला त्या दिवशी रंग नाही. आणि मुली हे लपवतात, म्हणून रंगाशिवाय नाचता येईल हे आधीच सांगून ठेवायचं.

वस्तीतल्या ज्या मुली ब्यूटिशियनचा कोर्स करून नवरीचा मेकअप करायला जातात, त्यांनी तर ही पद्धत अंगवळणी पाडावी. गिऱ्हाईक विश्वासावर येतं.

२०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळ्यांची साथ आली होती ती आठवा. घरात एकाचे डोळे आले की टॉवेल आणि उशीवरून सगळ्यांचे येत होते. काजळाची कांडी आणि ब्रश टॉवेलपेक्षा वेगळे नाहीत.

हाच न्याय बाळाला लावा. तान्ह्या बाळाच्या डोळ्यात काजळ किंवा सुरमा घालू नका. बाजारातला सुरमा अनेकदा शिशाच्या खनिजाचा असतो. मूल डोळे चोळतं आणि तोच हात तोंडात घालतं. पोटात गेलेलं शिसं मोठ्यांपेक्षा मुलांच्या अंगात चार ते पाच पट जास्त भिनतं आणि मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं. इतकं शिसं चालेल, अशी सुरक्षित पातळी माहीत नाही. घरच्या दिव्यावर धरलेल्या काजळात शिसं नसेल, पण ते भरणाऱ्या बोटाचे जंतू असतात. काजळानं डोळे मोठे होत नाहीत. दृष्ट लागते म्हणून तीट लावणाऱ्यांना मी काय सांगू? बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे बोलावं लागू नये.

डोळा लाल झाला तर

रंग लगेच काढा. डोळा मिटून तेल लावलेला कापूस वीस-तीस सेकंद पापणीवर ठेवा, मग वरून खाली पुसा आणि स्वच्छ पाण्यानं धुवा. ती डबी आणि ब्रश फेकून द्या, बरं वाटल्यावर पुन्हा वापरू नका. गुलाबपाणी, मध, आईचं दूध यांतलं काहीही डोळ्यात घालू नका. मेडिकलवाल्यानं दिलेले किंवा शेजारणीचे उरलेले थेंब तर नकोच. काही थेंबांत स्टेरॉइड असतं. त्यानं लाली पटकन उतरते, पण काही संसर्ग आतून वाढतात आणि बरेच दिवस वापरल्यास काचबिंदू होऊ शकतो. डोळा दुखतोय, उजेड सहन होत नाही किंवा धूसर दिसतंय, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. सकाळची वाट पाहू नका.

शेवटची गोष्ट मंडळांना. जयंतीला डीजेवर आणि बॅनरवर आपण किती खर्च करतो ते मी इथं लिहीत नाही, तुमच्या वहीत आहे. त्या वहीत ‘मुलींचं मेकअप साहित्य’ अशी एक ओळ यंदा वाढवा. वेष्टन वाचून घेतलेल्या दोन डब्या, इअरबडची दोन पाकिटं, एक साबण. बॅनरच्या एका कोपऱ्याचा खर्च. आमच्या मंडळात ही ओळ मी भांडून घालून घेतली. अध्यक्ष म्हणाले, ‘ताई, हे बायकांचं बघा तुम्ही.’ मी म्हटलं, ‘भाऊ, डोळे बायकांचेच नसतात. त्या मुली तुमच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढे नाचतात.’

सीईटीच्या वेळी डोळे मिटून बसलेली ती मुलगी यंदा ताटलीत ठिपके मांडायला माझ्या शेजारी बसणार आहे. तिनं स्वतःहून सांगितलं. तुमच्या विहारातही अशी एक मुलगी शोधा आणि तालमीच्या आधी हे पान तिच्या हातात द्या.