काचेतली सचोटी

कार्यालयांना मूल्ये शिकवत फिरणाऱ्या एका तज्ज्ञांचे म्हणणे असे, की कर्मचारी नीट वागत नाहीत, कारण कार्यालयाची मूल्येच त्यांच्यापर्यंत पोहोचलेली नाहीत. उपाय सोपा. सचोटी, तत्परता, सौजन्य हे शब्द फ्रेम करून लावा, रोज सकाळी मोठ्याने वाचून घ्या, मग परीक्षा घ्या. म्हणजे लाच घेणारा बिचारा शब्दार्थाअभावीच चुकत होता!

परीक्षेचे सोडा, तिचेही गाइड निघेल. सकाळच्या वाचनाला आधी वेळेवर यावे लागते.

माझे भांडण फ्रेमशी आहे. नवा लिपिक रुजू होतो तेव्हा भिंत वाचत नाही, साहेबांना वाचतो. परंड्याहून फेरफारासाठी आलेल्या म्हाताऱ्याला ‘पुढच्या सोमवारी या’ म्हणतात आणि कुणाचा तरी फोन आला की तसलीच फाइल जेवणाच्या सुट्टीत सहीला जाते, हे तो पहिल्याच आठवड्यात बघतो. नियमावर बोट ठेवणाऱ्याची बदली कुठे होते, तेही बघतो. झाले त्याचे प्रशिक्षण. आपल्याच धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या गोरोबाकाका कुंभारांनी संतांची डोकी थापटण्याने ठोकून कच्चे-पक्के ठरवले, अशी कथा आहे. नामदेव चिडले आणि कच्चे ठरले. मडक्यावर ‘पक्के’ अशी चिठ्ठी डकवून काकांचे भागले नसते.

बरे, भिंतीवर काय लावायचे ते कायद्यानेच सांगितले आहे. 2015च्या लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे सेवा, तिची मुदत, जबाबदार अधिकारी आणि अपील कुणाकडे, हे फलकावर हवे. विनाकारण उशीर केला तर 500 ते 5000 रुपये दंड. मी पाहिलेल्या एका कार्यालयात हा फलक पाण्याच्या पिंपामागे होता, मुदतीचा रकाना बरोबर झाकलेला. ‘सौजन्य’ मात्र साहेबांच्या दाराशी, काचेत.

हजेरीच्या यंत्राच्या वेळीही हाच वाद घातला होता. अंगठा दहाला उमटेल आणि माणूस साडेदहाला टपरीवर सापडेल, असे म्हटले तर आम्ही प्रगतीचे शत्रू ठरलो. असो.

मग करायचे काय? 1993च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) गावांत घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणासाठी महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ नेमले होते. अनुदान कसे मिळते, भिंत कशी मजबूत करायची, हे त्या गावकऱ्यांना समजावत. लोकसहभाग तिथे नेमणुकीतून कळला, घोषणेतून नव्हे. तसेच साहेबांनी आठवड्यातून एक दिवस खिडकीवर बसावे. मुदत उलटलेल्या अर्जांची यादी बैठकीत वाचावी, सुरुवात स्वतःच्या टेबलापासून. फाइल एका टेबलावर सहसा सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, हे बदल्या आणि दिरंगाई-प्रतिबंधाचा 2005चा कायदा सांगतोच. फ्रेमांचे पैसे वाचले तर खिडकीसमोर दोन बाकडी टाकावीत; परंड्याचा म्हातारा अजून उभाच आहे.