करडई कुठं गेली?

गेल्या आठवड्यात बारामतीत आमच्या आत्याची पंचाहत्तरी झाली. भेट म्हणून कुणीतरी ऑलिव्ह तेलाची बाटली आणि चिया बियांचं पाकीट दिलं. आत्या इंदापूरकडच्या जिरायती गावची. बाटली उजेडात धरून तिनं विचारलं, "करडईचं हाय का?" देणाऱ्याच्या मनात मायाच होती. राग आला तो आपल्या शिवारातून करडई उठून गेली याचा.

म्हातारपण निरोगी जावं म्हणून काय खावं, हे शोधायला हार्वर्डच्या संशोधकांनी सुमारे १ लाख ५ हजार लोकांचा ३० वर्षांचा आहार तपासला. २०२५ मध्ये ते संशोधन 'नेचर मेडिसिन'मध्ये छापून आलं. मोठ्या आजाराविना, शरीर-बुद्धी शाबूत ठेवून सत्तरी गाठणारे निघाले जेमतेम ९.३ टक्के. फळं, भाज्या, अख्खी धान्यं, कडधान्यं, दाणे आणि असंपृक्त तेलं ज्यांच्या ताटात जास्त, त्यांची शक्यता अधिक.

यातलं आपल्याकडे काय नव्हतं? मालदांडीची भाकरी, हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ, ओमेगा-३ असलेल्या जवसाची चटणी आणि करडईचं तेल.

शाळूच्या कडेनं करडईची तासं असत. काट्यांमुळं जनावर आत शिरत नसे. कोवळ्या पाल्याची भाजी होई. मुळं खोल जात, काळ्या रानातल्या ओलीवर पीक निघे. काढणी भल्या पहाटे, दवानं काटे मऊ असेपर्यंत. आत्या हाताला फडकी गुंडाळून जायची. ऊन चढलं की काम थांबायचं.

नीरा डावा कालवा १८८५ चा, उजनीचं पाणी पुढं आलं, ऊस वाढला. उसानं घरं बांधली, पोरं शिकली, हे मला मान्य आहे. पण करडईच्या जागी स्वयंपाकघरात पामतेलाची पिशवी आली, हा सौदा मला पटत नाही. काट्यांचा त्रास म्हणाल, तर नीरेपलीकडं फलटणच्या निंबकर संस्थेनं बिनकाट्याचं संकरित वाणही काढलंय.

यंदा शाळू पेरताना कडेनं करडईची दोन तासं धराच. रान नसेल त्यांनी घाण्यावर जाऊन करडईचं तेल मागावं, आणि बेतानं वापरावं. गिऱ्हाईक मागायला लागलं, तरच शेतकरी पेरेल.