गुन्ह्याला गुण देणारा खेळ

महाराष्ट्रात एकेकाळी मोक्षपट खेळला जात असे. परंपरा त्याचे नाते ज्ञानदेवांशी जोडते. घरे आखलेला पट, वर नेणाऱ्या शिड्या आणि खाली ओढणारे साप. शिड्या सद्गुणांच्या, साप दुर्गुणांचे. क्रोधाच्या वा लोभाच्या घरात पाऊल पडले की घसरण अटळ. पटाच्या टोकाला मोक्ष. इंग्रजी अमदानीत हा खेळ विलायतेला गेला, तिकडच्या नीतिकल्पनांचा पेहराव त्याला चढला आणि पुढे निव्वळ ‘सापशिडी’ होऊन तो घरोघरी पोहोचला. नीती गळाली, फासा उरला.

मोक्षपटाने मुलांना प्रवचन झोडले नाही. खेळाचे नियम हेच त्याचे प्रवचन होते. कोणत्या कृतीला बढती मिळते आणि कोणत्या कृतीला घसरण, हे बालमन खेळता खेळता आत्मसात करते. म्हणूनच कोणताही खेळ पारखताना त्यात रक्त किती सांडते, हा दुय्यम प्रश्न ठरतो. शिडी कोठे ठेवली आहे आणि साप कोठे, हा मुख्य प्रश्न होय. आज लक्षावधी मुलांच्या संगणकावर ठाण मांडून बसलेल्या गुन्हेगारीच्या खेळांना ही कसोटी लावण्याची वेळ आली आहे.

नावातच गुन्हा

या खेळांचा मेरुमणी म्हणजे ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’. अमेरिकेत मोटारचोरीच्या गुन्ह्याला हे नाव आहे. गुन्ह्याचे नाव छातीवर मिरवीत हा खेळ १९९७ मध्ये बाजारात आला. स्कॉटलंडमधील डंडी शहरातल्या ‘डीएमए डिझाइन’ या संस्थेची ती निर्मिती. पुढे न्यूयॉर्कच्या ‘रॉकस्टार गेम्स’ या कंपनीच्या आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या ‘टेक-टू’ या उद्योगाच्या छत्राखाली त्याचा वटवृक्ष झाला. २००१ मध्ये तिसरा भाग, २००२ मध्ये ‘व्हाइस सिटी’, २००४ मध्ये ‘सॅन अँड्रियास’, २००८ मध्ये चौथा आणि २०१३ मध्ये पाचवा. या पाचव्या भागाने अवघ्या तीन दिवसांत १०० कोटी डॉलरांची विक्री केली आणि २०२४ पर्यंत २० कोटी प्रतींचा टप्पा ओलांडला. जगातील भल्या भल्या चित्रपटांना हेवा वाटावा असे हे आकडे आहेत. तेव्हा ‘मुलांचा खेळ’ म्हणून या विषयाकडे काणाडोळा करणे आता परवडणारे नाही.

आपल्याकडे ‘व्हाइस सिटी’ आली ती राजमार्गाने नव्हे. चोरट्या प्रतींच्या सीडी हातोहात फिरल्या, सायबर कॅफेतील संगणकांवर हा खेळ बसला आणि तेथून तो घरातील अभ्यासाच्या टेबलापर्यंत पोहोचला. अमेरिकेत या खेळाच्या वेष्टनावर ‘१७ वर्षांपुढील व्यक्तींसाठी’ असा शिक्का होता. आपल्या घरात ते वेष्टन आलेच नाही. आली ती नुसती चकती. इयत्ता सहावीतला मुलगा कोणती नगरी हिंडून येतो आहे, याचा थांगपत्ता स्वयंपाकघरात असलेल्या आईला आणि कचेरीतून थकून आलेल्या वडिलांना लागण्याचे कारणच नव्हते. ‘मुलगा संगणक शिकतो आहे’ या समाधानात एक अख्खी पिढी वाढली.

उलटा मांडलेला पट

त्या नगरीत काय चालते? ‘व्हाइस सिटी’चा नायक तुरुंगातून नुकताच सुटून आलेला गुंड आहे. रस्त्यावरून जाणाऱ्या कोणत्याही माणसाला गाडीतून खेचून बाहेर फेकावे आणि ती गाडी घेऊन निघावे, ही येथील बाराखडी. पादचाऱ्याला ठार मारले की त्याच्याजवळचे पैसे रस्त्यावर पडतात; ते उचलले की खेळाडूच्या खात्यात जमा. पुढे ‘प्रगती’ होते. खेळाडू धंदे विकत घेतो. छापखाना घेतला, तर तेथे खोट्या नोटा छापायच्या. आइस्क्रीमचा कारखाना घेतला, तर आइस्क्रीमच्या गाडीतून अमली पदार्थ विकायचे. चित्रपटनिर्मितीगृह घ्यावे, तर तेथे अश्लील चित्रपट. लहान मुले ज्या गाडीच्या घंटेने धावत येतात, त्या आइस्क्रीमच्या गाडीलाही या खेळाने निष्कलंक ठेवले नाही.

आणि शिक्षा? ती तर या खेळाची सर्वांत बोलकी बाजू आहे. गुन्हा घडला की पडद्यावर तारे उमटतात. गुन्हा जितका मोठा, तितके तारे अधिक. त्या काळातील भागांत सहा तारे झाले की लष्कर रणगाडे घेऊन रस्त्यावर उतरे. परंतु घाबरण्याचे कारण नाही. गाडी रंगाच्या दुकानात घालावी, नवा रंग चढवावा, की पोलीस पाठलाग विसरतात. ठिकठिकाणी पोलिसी चिन्हे ठेवलेली असतात. त्यांचा अर्थ लाच. एक उचलले की एक तारा कमी. पकडले गेलेच, तर हत्यारे जप्त होतात, थोडी रक्कम वजा होते आणि दुसऱ्याच क्षणी खेळाडू पोलीस ठाण्याच्या दारात मोकळा उभा असतो. न्यायालय नाही, खटला नाही, पश्चात्ताप नाही, मेलेल्या माणसाची विधवा नाही. मृत्यूसुद्धा नाही, रुग्णालयाचे बिल भरून नायक पुन्हा हिंडायला मोकळा.

मोक्षपटाशी हे ताडून पाहा. जेथे साप हवा तेथे येथे शिडी आहे. खून, चोरी, लाच, दलाली या साऱ्या शिड्या. आणि साप कोण? गणवेशातील पोलीस! कायद्याचा रक्षक हा या पटावर प्रगतीच्या आड येणारा एकमेव अडसर. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर हातात केवळ काठी असलेल्या तुकाराम ओंबळे यांनी कसाबची बंदूक आपल्या देहावर झेलली आणि त्याला जिवंत पकडून दिले. अशोकचक्राने गौरवलेल्या त्या सहायक उपनिरीक्षकाच्या महाराष्ट्रात, पोलिसाला गाडीखाली चिरडणे हा आपल्या मुलांचा सायंकाळचा विरंगुळा व्हावा काय? प्रश्न कठोर आहे. परंतु तो विचारलाच पाहिजे.

वकिलांचे तीन युक्तिवाद

या खेळांचे कैवारी तीन युक्तिवाद हमखास करतात. पहिला असा : खेळ खेळून कोणी खुनी होत नाही. हा मुद्दा प्रामाणिकपणे तपासला पाहिजे. कारण आपल्या बाजूनेही येथे बरीच अतिशयोक्ती झाली आहे. २००४ मध्ये इंग्लंडमधील लीस्टर येथे एका चौदा वर्षांच्या मुलाचा खून झाला आणि वृत्तपत्रांनी ‘मॅनहंट’ या खेळावर खापर फोडले. पोलिसांनी मात्र हेतू लुटीचा असल्याचे सांगितले. खेळाची प्रत सापडली ती मारेकऱ्याकडे नव्हे, तर मारल्या गेलेल्या मुलाकडे. अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेनेही २०२० मध्ये स्पष्ट केले की, हिंसक खेळांचा आरडाओरडा, धक्काबुक्की अशा आक्रमक वर्तनाशी अल्पसा संबंध आढळतो. परंतु प्रत्यक्ष हिंसाचाराचे कारण म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवण्यास पुरेसा पुरावा नाही.

ठीक आहे. आपला आक्षेप तो नाहीच! हा खेळ खेळणारा मुलगा उद्या सुरा घेऊन निघेल, असे कोणताही विचारी माणूस म्हणणार नाही. परंतु माणूस खुनी न होताही निबर होऊ शकतो. लाच देणे हे शहाणपण, कायदा चुकवणे ही हुशारी आणि दुसऱ्याचे दुःख हा विनोद, अशी रुची घडली, तर पोलीस दप्तरी तिची नोंद होत नाही. समाजाच्या खात्यात मात्र ती खर्ची पडतेच. संस्कारांचे मोजमाप गुन्ह्यांच्या आकडेवारीने करायचे ठरवले, तर शाळा आणि घर या दोन्ही संस्था आजच बंद कराव्या लागतील.

दुसरा युक्तिवाद : हिंसा तर परीकथांत आणि पुराणांतही आहे. तो थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातून आला आहे. अल्पवयीनांना हिंसक खेळ विकण्यास मनाई करणारा कॅलिफोर्निया राज्याचा २००५ चा कायदा त्या न्यायालयाने २७ जून २०११ रोजी सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केला. बहुमताचे निकालपत्र लिहिताना न्या. अँटोनिन स्कॅलिया यांनी ग्रिमबंधूंच्या परीकथांचा दाखला दिला. हिमगौरीच्या दुष्ट सावत्र आईला तापलेले लाल जोडे घालून मरेपर्यंत नाचावे लागते, मुले चेटकिणीला भट्टीत लोटतात, मग खेळांवरच रोष का?

न्यायमूर्तींचा आदर राखून म्हणावेसे वाटते की, हा दाखला त्यांच्याच विरुद्ध जातो. परीकथेत भट्टीत कोण पडते? चेटकीण! जोडे कोणाच्या पायात? दुष्टेच्या! महाभारतात रक्ताचे पाट वाहतात. परंतु झोपलेल्या पांडवपुत्रांची हत्या करणारा अश्वत्थामा भळभळती जखम घेऊन भटकत राहतो आणि विजयी युधिष्ठिरालाही राज्य गोड लागत नाही. तेथे प्रत्येक बाणाला हिशेब आहे. या खेळांत हिशेब फक्त पैशांचा आहे. न्या. स्टीफन ब्रेयर यांनी भिन्नमतपत्रात नेमक्या विसंगतीवर बोट ठेवले होते : तेरा वर्षांच्या मुलाला नग्नचित्रांचे मासिक विकणे कायद्याने रोखता येते, परंतु ज्यात तो एका स्त्रीला बांधून, छळून ठार मारतो, असा खेळ विकणे रोखता येत नाही!

तिसरा युक्तिवाद : हा अमेरिकी भोगवादाचा उपहास आहे. असेलही. रेडिओवरील खोट्या जाहिराती, नेत्यांची टवाळी, हे सारे या खेळांत आहे आणि ते चतुराईने रचलेले आहे. परंतु उपहास कळण्यासाठी ज्याचा उपहास होतो ते आधी ठाऊक असावे लागते. बारा वर्षांच्या मुलाला मियामीतील १९८६ च्या चंगळवादाचे काय सोयरसुतक? त्याला दिसते ती फक्त शिडी. शिवाय निर्मात्यांनी स्वतःच हा माल प्रौढांसाठी असल्याचे मान्य केले आहे. मग तो मुलांच्या हाती पडू नये, अशी मागणी करणारे प्रतिगामी कसे ठरतात?

निषेधाचाही बाजार

येथे कार्यकर्त्यांनी एक धडा ध्यानी घ्यावा. १९९७ मध्ये पहिला खेळ येण्यापूर्वीच प्रकाशक कंपनीने मॅक्स क्लिफर्ड या प्रसिद्धितज्ज्ञाला हाताशी धरले होते. लोकांनी संतापावे, वृत्तपत्रांनी मथळे सजवावेत, हीच त्याची योजना. विक्रीस येण्यापूर्वी काही महिने, त्याच वर्षीच्या मे महिन्यात ब्रिटनच्या उमराव सभागृहात या खेळावर प्रश्न विचारला गेला आणि नाव सर्वतोमुखी झाले. संतापी घोषणा हे या व्यापाराचे खाद्य आहे.

याउलट नेमका, पुराव्यानिशी धरलेला आग्रह फळतो. २००३ मध्ये ‘व्हाइस सिटी’तील हैतीवासीयांना मारण्याच्या संवादावर न्यूयॉर्क आणि फ्लोरिडातील हैतियन समाजाने संघटित हरकत घेतली, कंपनीला पुढील प्रतींतून तो मजकूर काढावा लागला. २००५ मध्ये ‘सॅन अँड्रियास’च्या संगणक-आवृत्तीत दडवलेला लैंगिक प्रसंग उघडकीस आला. कंपनीने आधी बाहेरच्या हॅकरांकडे बोट दाखवले; परंतु मूळ मजकूर विकलेल्या तबकडीवरच होता. मानांकन तत्काळ १८ वर्षांपुढे नेण्यात आले, अमेरिकेतील मोठ्या दुकानांनी माल फळीवरून उतरवला. डिसेंबर २०१४ मध्ये अत्याचार सोसलेल्या स्त्रियांनी ऑस्ट्रेलियात अर्ज फिरवला आणि टार्गेट व केमार्ट या दुकानसाखळ्यांनी पाचव्या भागाची विक्री थांबवली. दगड न मारता, काच न फोडता हे घडले.

आपल्याकडची पोकळी

भारतात चित्रपटाला १९५२ च्या कायद्यान्वये प्रमाणपत्र लागते. ओटीटीवरील मालिकांनाही २०२१ च्या नियमांनी ७, १३, १६ अशा वयोगटांचे शिक्के आले. संगणकावरील खेळाला मात्र असे बंधनकारक प्रमाणपत्र नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला, तो स्वागतार्हच. परंतु त्याचा रोख पैसे लावून खेळायच्या खेळांवर आहे. पैशांचा डाव नाही पण गुन्ह्याचा डाव आहे, त्या खेळाचे काय? ब्रिटनने २०१२ पासून १२, १६ आणि १८ ही मानांकने दुकानदारांवर कायद्याने बंधनकारक केली. आपण निदान तेवढे तरी करावे. सरसकट बंदी हा उपाय नव्हे. पबजी सप्टेंबर २०२० मध्ये माहितीच्या सुरक्षेसाठी बंद झाला आणि २०२१ मध्ये नवे नाव घेऊन परतला. वयाचा शिक्का मात्र टिकतो आणि पालकाला डोळे देतो.

अर्थात, कायदा दारापर्यंत येईल. घरात पालकालाच यावे लागेल. विक्रीस्थळांवर जन्मतारीख विचारली जाते खरी. परंतु कोणती तारीख लिहायची हे मुलाला पाठ असते. संगणक बंद खोलीतून माजघरात आणावा. मुलाशेजारी अर्धा तास बसून तो काय खेळतो ते पाहावे आणि रागावण्याऐवजी त्यालाच विचारावे : येथे शिडी कशाला मिळते रे?

पर्यायही हवा. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या लहानशा संस्थेने २०२० मध्ये ‘राजी’ हा खेळ जगापुढे आणला. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला सोडवण्यासाठी दुर्गेच्या आशीर्वादाने लढणारी खेळ करणारी एक पोर, ही त्याची नायिका. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या पारितोषिकासाठी त्याला नामांकन मिळाले. त्यात लढाई आहे, शस्त्रे आहेत. परंतु शिडी योग्य जागी आहे. असे खेळ घडवणाऱ्या तरुणांच्या पाठीशी आपल्यातील उद्योजक उभे राहतील, तर तो नुसत्या निषेधाहून शतपट मोलाचा हातभार ठरेल.

ज्ञानदेवांच्या नावाने ओळखला जाणारा पट ज्या भूमीने घडवला, तिला खेळ वर्ज्य नव्हता आणि आजही असू नये. मुलांच्या हातून संगणक हिरावून घेण्याची गरज नाही. त्यांच्यासमोर पट कोण मांडतो आणि साप-शिड्या कोण रेखाटतो, हा अधिकार मात्र परक्या बाजाराला आंदण देता येणार नाही. तो आपला आहे आणि तो बजावणे हे आपले कर्तव्यही आहे.