उन्हाळ्याची सुटी आणि आपला दवाखाना

म्हैसूरच्या पश्चिमेकडे, हुणसूरला जाणारा हमरस्ता जेथे बाह्य वळणरस्त्यास छेदतो, तेथील हिनकल हे एके काळचे स्वतंत्र गाव आज आपले पुरातन नन्नेश्वराचे देऊळ पोटाशी धरून शहराच्या वसाहतींत मिसळून गेले आहे. आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कर्नाटकातील शाळांना सुटी लागली, की येथील अर्धवट बांधलेल्या घरांच्या ओट्यांवर, मोकळ्या भूखंडांवर आणि उड्डाणपुलाच्या सावलीत तेरा-चौदा ते सतरा-अठरा वयाची जी मुले दिवसभर दिसू लागतात, त्यांना पाहून प्रस्तुत संपादकाच्या मनात दरवर्षी एकच प्रश्न येतो, तो म्हणजे आता या मुलांकडे रोज पाहणारे कोण उरले आहे? शाळा चालू असता निदान वर्गशिक्षकाची नजर रोज त्यांच्या चेहऱ्यावरून फिरते. ती नजर मेअखेरपर्यंत नाहीशी होते. आईबाप कारखान्यात, कचेरीत किंवा दुकानात गुंतलेले असतात. अशा वेळी घराबाहेरचा जो एक प्रौढ माणूस या मुलाला जवळून पाहतो, त्याच्या अंगाला हात लावतो, त्याचा श्वास ऐकतो, तो म्हणजे आपल्यासारखा कुटुंबाचा डॉक्टर होय.

या नगराला आपण शांत, निवृत्तांचे नगर समजत आलो. परंतु जुलै २०२५ मध्ये मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी एका लहानशा जप्तीचा धागा धरीत थेट म्हैसूरच्या याच वळणरस्त्यालगत चाललेला मेफेड्रोन या अमली पदार्थाचा कारखाना उघडकीस आणला, आणि एकंदर मुद्देमालाची किंमत त्यांनी सुमारे ३९० कोटी रुपये सांगितली. हाच पदार्थ मुलांच्या बोलीत ‘एम.डी.’ होय, आणि नाशिकजवळच्या शिंदे गावात २०२३ साली व दौंड तालुक्यातील कुरकुंभ येथे २०२४ साली त्याचेच साठे पकडले गेले होते. महाराष्ट्रातील आपले वाचक आणि म्हैसूर-बेळगावकडील आपले वाचक यांच्यापुढील प्रश्न आता एकच झालेला आहे.

तथापि कारखान्यांच्या या बातम्यांनी आपले लक्ष भलतीकडे वेधले जाते, असे आमचे मत आहे. आपल्या दवाखान्यात येणाऱ्या मुलाची पहिली ओळख मेफेड्रोनशी क्वचितच होते. ती बिअरच्या घोटाशी, तंबाखूच्या पुडीशी, किंवा त्याहूनही स्वस्त अशा व्हाइटनरच्या, थिनरच्या वासाशी होते. एम्सच्या तज्ज्ञांनी केलेल्या आणि केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत, प्रौढांपेक्षा मुलांत अधिक प्रमाणात आढळलेला मादक द्रव्यांचा एकच वर्ग होता, आणि तो हुंगण्याच्या पदार्थांचा: प्रौढांत ०.५८ टक्के, तर १० ते १७ वर्षांच्या मुलांत १.१७ टक्के. ओठांभोवती व नाकपुडीशी उठलेले बारीक पुरळ, कपड्यांना येणारा रंगाचा वास, न थांबणारी डोकेदुखी ही लक्षणे आपण ‘उन्हाचा त्रास’ म्हणून किती वेळा लिहून मोकळे झालो असू, याचा हिशेब ज्याने त्याने आपापल्या मनाशी करावा.

व्यसनी माणूस म्हणजे कोण, याविषयीची मराठी मनातील प्रतिमा गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ने, म्हणजे १९१९ पासून, घडविली आहे: सुशिक्षित, विवाहित, वकिली करणारा सुधाकर. त्या प्रतिमेमुळेच चौदा वर्षांचे पोर आपल्या नजरेतून निसटते. पण त्या नाटकाची मांडणी बारकाईने पाहिली तर गडकऱ्यांनी आपल्या विषयाचे मर्म नेमके धरलेले दिसते. सुधाकर पितो केव्हा? सनद काही महिन्यांपुरती रद्द होऊन, काल कामात बुडालेला माणूस आज एकाएकी रिकामा बसतो तेव्हा. जिवाभावाचा मित्र रामलाल दूर असतो तेव्हा. आणि प्याला पुढे करणारा तळीराम हा कोणी परका दुष्ट नसून त्याचाच कारकून असतो. सक्तीचा रिकामपणा, हितचिंतकाची अनुपस्थिती आणि ओळखीच्या माणसाचा आग्रह, या तिन्ही गोष्टी किशोरवयीन मुलाच्या वाट्याला एकाच वेळी येण्याचा काळ म्हणजे उन्हाळ्याची सुटी होय.

शिवाय हीच लग्नसराई. पहिला प्याला अंधाऱ्या गुत्त्यात मिळतो ही कल्पना आपण टाकून द्यावी. तो वरातीच्या मागे, मंगल कार्यालयाच्या मागच्या अंगणात, ‘आता मोठा झालास’ असे म्हणणाऱ्या मामाच्या किंवा चुलतभावाच्या हातून मिळतो, आणि आईबापांना ते कळले तरी चार माणसांत वाईटपणा नको म्हणून ते गप्प राहतात. बाल न्याय अधिनियम, २०१५ याच्या कलम ७७ अन्वये मुलाला मद्य, तंबाखू अथवा मादक द्रव्य देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि त्या कलमात अपवाद आहे तो केवळ अर्हताप्राप्त वैद्यकीय व्यवसायीच्या आदेशाचा. मामाला तुरुंगात धाडा असे आम्ही म्हणत नाही. परंतु लग्नाला निघालेल्या कुटुंबाला ही एक तरतूद आपल्या तोंडून कळली, तर संकोचाने गप्प बसणाऱ्या आईला बोलण्यास एक आधार मिळेल. पंधरा वर्षांच्या आत पिण्यास प्रारंभ करणाऱ्यांपैकी सुमारे चाळीस टक्के लोक पुढे आयुष्यात केव्हातरी मद्यासक्त झाले आणि विशीनंतर प्रारंभ करणाऱ्यांत ते प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास राहिले, असे अमेरिकेतील १९९७ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसले. यात कारण किती आणि योगायोग किती याविषयी मतभेद असले, तरी प्रारंभ जितका लांबेल तितके बरे, याविषयी व्यवसायात दुमत नाही.

मग उपाय काय? भीती घालणारी व्याख्याने नव्हेत. १९८३ मध्ये लॉस एंजेलिसात पोलिसांनी शाळाशाळांतून सुरू केलेला प्रबोधनाचा कार्यक्रम जगभर नावाजला गेला, आणि पुढील परीक्षणांत मुलांच्या व्यसनावर त्याचा परिणाम जवळजवळ शून्य ठरला. उलट आइसलँडने मुलांचा रिकामा वेळच हाती घेतला, खेळ-संगीताच्या वर्गांसाठी सार्वजनिक निधी दिला, रात्री बाहेर राहण्याची मर्यादा घातली आणि पालकांना संघटित केले. तेथे मागील महिन्यात नशा केलेल्या १५-१६ वर्षांच्या मुलांचे प्रमाण १९९८ मधील ४२ टक्क्यांवरून २०१६ मध्ये ५ टक्क्यांवर आले. एवढा निधी आपल्यापाशी नाही, परंतु परंपरा आहे. ब. व. कारंत यांनी १९८९ मध्ये उभारलेल्या म्हैसूरच्या रंगायण या नाट्यसंस्थेत उन्हाळ्यात मुलांचा ‘चिन्नर मेळा’ भरतो. महाराष्ट्रात राष्ट्र सेवा दलाची शिबिरे आहेत, सह्याद्रीतील गडकोटांच्या भटकंती आहेत. अशा शिबिरांचे पत्ते व तारखा औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीमागे लिहून देणे, हे आम्ही औषधयोजनेचाच भाग मानतो.

आता थोडे आपल्याच घराकडे पाहू. मालेगावात ‘कुत्ता गोळी’ म्हणून विकली जाणारी गोळी ही अल्प्राझोलाम आहे, म्हणजे ती आपल्याच चिठ्ठीवरील औषध आहे. मार्च २०१४ पासून ती ‘एच-१’ परिशिष्टात आहे आणि औषधविक्रेत्याने तिची नोंदवही ठेवणे बंधनकारक आहे; पण चिठ्ठीवर गोळ्यांची संख्या न लिहिणे, आजीची चिठ्ठी नातवाच्या हाती देणे, कोडीनयुक्त खोकल्याचे औषध मागेल तितके देणे, या सवयी आपल्याच आहेत. त्या सोडल्यावाचून मुलांना उपदेश करण्याचा अधिकार आपणास पोहोचत नाही.

विचारणे हेच मुख्य काम आहे. खोकला असो, खरचटलेला गुडघा असो वा वसतिगृहाच्या प्रवेशासाठी हवा असलेला दाखला असो, पालकांना पाच मिनिटे बाहेर बसवून मुलाला एकट्याने विचारावे. प्रारंभ मित्रांपासून करावा, ‘तुझ्या बरोबरीची मुले सुटीत काय घेतात रे?’ असा, आणि मग त्याच्याकडे यावे. जे सांगेल ते, जिवाला धोका नसेल तर, आपल्यापाशीच राहील असा शब्द द्यावा व पाळावा. १९८६ च्या ऑगस्टमध्ये येरवड्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभारले, तेव्हा गर्दुल्ल्याला गुन्हेगार न समजता रुग्ण समजणे हाच तेथील पहिला धडा होता, आणि तो डॉक्टरांनीच घालून दिला. कायदाही तेच म्हणतो: अमली पदार्थांच्या १९८५ च्या अधिनियमातील कलम ६४-अ स्वतःहून उपचार घेऊ इच्छिणाऱ्या व्यसनीस अल्प प्रमाणाच्या खटल्यातून संरक्षण देते. पोलिसांच्या धास्तीने मूल घरात लपविणाऱ्या बापाला हे अवश्य सांगावे. रोज दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेणाऱ्याची सवय एकाएकी तोडू नये, झटके येण्याचा धोका असतो. त्यास म्हैसूरच्या कृष्णराजेंद्र रुग्णालयाच्या मनोविकार विभागाकडे, बेंगळूरच्या निम्हान्सकडे किंवा आपल्या जिल्ह्यातील तशा सोयीकडे पाठवावे.

येत्या सुटीत आपल्याकडे आलेल्या प्रत्येक किशोरवयीन रुग्णास हा प्रश्न विचारा, आणि काय ऐकले, काय साधले, काय फसले ते नाव-गाव वगळून आम्हांस कळवा. जूनच्या अंकाची पाने त्यासाठी राखून ठेवली आहेत. तोवर शासनाच्या व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा १४४४६ हा निःशुल्क क्रमांक दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, मुले बसतात त्या बाकासमोर, मोठ्या अक्षरांत लावून ठेवावा, अशी आमची विनंती आहे.