शहर ओळखावे मागच्या दाराने

मोठ्या शहरांवरून समाजाची खरी ओळख पटते काय, असा प्रश्न अधूनमधून विचारला जातो आणि त्याला दोन ठराविक उत्तरे मिळतात. एक पक्ष म्हणतो, शहर हा समाजाचा आरसाच आहे. दुसरा पक्ष म्हणतो, खरा देश खेड्यात आहे. शहरात दिसतो तो नुसता भपका आणि गर्दी. मुंबई म्हणजे महाराष्ट्र नव्हे आणि काशी म्हणजे हिंदुस्थान नव्हे. रेल्वे आणि टपाल खात्यातल्या कामगारांनी या वादात आपले मत मांडले पाहिजे असे आम्हाला वाटते. पाहुण्याला शहर दिसते ते समोरून. रूळ मात्र शहरात मागच्या बाजूने शिरतात; नाले, झोपड्या, गोदामे आधी लागतात आणि मग फलाट येतो. पोस्टमन ज्या जिन्याने चढतो त्या जिन्यापर्यंत पर्यटक कधी पोचत नाही. तेव्हा या विषयात आपली साक्ष काही कमी मोलाची नाही.

हा प्रश्न भर सभेत, प्रतिष्ठितांच्या तोंडावर विचारला गेला तो वाराणसीत. ४ फेब्रुवारी १९१६ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांच्या हस्ते बनारस हिंदू विश्वविद्यालयाची कोनशिला बसली. त्यानिमित्त झालेल्या सभांपैकी ६ फेब्रुवारीच्या सभेत गांधीजी बोलायला उभे राहिले. दरभंग्याचे महाराज अध्यक्ष होते, व्यासपीठावर दागिन्यांनी मढलेले संस्थानिक होते, ॲनी बेझंटबाई होत्या. गांधीजी आदल्या संध्याकाळी विश्वनाथाच्या दर्शनाला जाऊन आले होते. तिथल्या गल्ल्यांतली घाण पाहून त्यांनी विचारले, की एखादा परका माणूस अचानक या मंदिरापाशी येऊन उभा राहिला, तर त्याने आपल्याला नावे ठेवली तर चुकले कुठे? हे मंदिर म्हणजे आपल्याच चारित्र्याचे प्रतिबिंब नाही काय?

तेवढ्यावर ते थांबले नाहीत. मुंबईच्या रस्त्यावरून चालणाऱ्याला वरच्या मजल्यावरून कोणी थुंकेल की काय ही धास्ती असते, हे त्यांनी सांगितले. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात प्रवासी कसे वागतात आणि शिकलेले विद्यार्थीही त्यात कसे मागे नसतात, हेही सांगितले. संस्थानिकांकडे वळून, हे दागिने उतरवा आणि देशबांधवांसाठी विश्वस्त म्हणून ठेवा, असे सुनावले. बेझंटबाईंनी त्यांना मध्येच थांबवायचा प्रयत्न केला, मंडळी उठून गेली, सभा मोडली. रायगड जिल्ह्यातल्या गागोद्याचा वीस वर्षांचा विनायक भावे त्या दिवसांत घर सोडून काशीला आला होता. त्या भाषणाचा वृत्तान्त वाचून त्याने गांधीजींना पत्र लिहिले आणि ७ जून १९१६ रोजी तो कोचरबच्या आश्रमात दाखल झाला. पुढे त्याला देश विनोबा म्हणून ओळखू लागला.

गांधीजींचे म्हणणे आम्हाला पटते, आणि काशीच्या बाबतीत तर ते अधिकच पटते. ही गल्ली एकट्या बनारसवाल्यांची कधीच नव्हती. आजचे विश्वनाथ मंदिर १७८० च्या सुमारास बांधले ते अहिल्याबाई होळकरांनी. गंगेवर अहिल्याबाई घाट आहे, शिंदे घाट आहे, भोसले घाट आहे. एकनाथांचे भागवत पूर्ण झाले ते काशीत. शिवराज्याभिषेकाला १६७४ साली रायगडावर आलेले गागाभट्ट काशीचे. झाशीच्या लक्ष्मीबाईंचा जन्मही इथलाच. ज्या शहरात देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे येऊन राहिली, तिथे जे चांगले-वाईट दिसते त्याचा वाटा सगळ्यांच्या नावावर पडतो. आपल्याकडचे काही लोक काशी करून आले की ‘त्या लोकांना’ नावे ठेवतात. पानाची पिंक टाकणाऱ्यांत आणि निर्माल्य नदीत सोडणाऱ्यांत आपणही होतो, हे ते सोयीस्करपणे विसरतात.

मात्र एका बाबतीत आम्ही गांधीजींच्या त्या भाषणाच्या पुढे जाऊ इच्छितो. त्या दिवशी त्यांनी घाण करणाऱ्याला दोष दिला. घाण काढणारा कोण, हा प्रश्न त्या सभेत आला नाही. समाजाची खरी ओळख मात्र इथेच पटते.

मणिकर्णिका घाटाचे उदाहरण घ्या. काशीत देह ठेवला की मोक्ष मिळतो अशी श्रद्धा आहे. पण चितेला लागणारा अग्नी डोम समाजाच्या हातून घ्यावा लागतो. राजाचे प्रेत असो वा रंकाचे. ज्याच्या हातच्या अग्नीवाचून मोक्ष अडतो, त्याच्या हातचे पाणी मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालले नाही. आपल्या लग्नातला बनारसी शालू घ्या. मदनपुरा, अलईपुरा भागातल्या विणकरांच्या, म्हणजे बहुतांशी मुसलमान अन्सारींच्या घरात तो विणला गेला. शालूचा भाव सगळ्यांना ठाऊक असतो, विणणाऱ्याच्या मजुरीची चौकशी कोणी करीत नाही. यंत्रमागाने हातमाग मागे सारला तेव्हा त्याची हळहळही शहराबाहेर फारशी पोचली नाही. कबीर विणकराच्या घरचे, रविदास चर्मकार. ज्यांच्या नावाने हे शहर जगात मिरवते, तेही मागच्या दाराचेच!

काशीला जाणारा घाटाचे फोटो काढतो. त्याच शहरात रेल्वे इंजिनांचा कारखाना आहे, १९६४ साली तिथून पहिले इंजिन बाहेर पडले आणि २०२० पासून त्याचे नाव बनारस रेल्वे इंजिन कारखाना झाले, हे यात्रेकरूच्या गावीही नसते. देशभरच्या गाड्या ओढणारी इंजिने ज्यांनी बांधली, ते कामगारही काशीचेच की नाही?

आता आपल्या घरातले बोलू. हाताने मैला साफ करून घेण्यास मनाई करणारा कायदा १९९३ साली झाला, २०१३ साली त्याहून कडक कायदा आला. तरीही डब्यांतले शौचालय थेट रुळांवर उघडे होते आणि ते रूळ साफ करणारी माणसे होती. २७ मार्च २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाला रेल्वेचे नाव घेऊन सांगावे लागले, की रुळांवरची ही प्रथा मुदत ठरवून बंद करा. त्यानंतरच्या काही वर्षांत डब्यांना जैव-शौचालये बसली. त्याचे आम्ही मनापासून स्वागत करतो. पण गटारात उतरून मेलेल्यांच्या वारसांची भरपाई न्यायालयाला २०२३ साली दहा लाखांवरून तीस लाखांवर न्यावी लागली, याचा अर्थ मरणे थांबलेले नाही.

विश्वनाथाची ती गल्लीही आता राहिली नाही. तीनशेच्या वर इमारती विकत घेऊन पाडल्या गेल्या आणि १३ डिसेंबर २०२१ रोजी मंदिरापासून गंगेपर्यंतच्या प्रशस्त परिसराचे उद्घाटन झाले. म्हाताऱ्या-कोताऱ्या यात्रेकरूंची सोय झाली, हे चांगलेच झाले. तरीपण गल्ली रुंद झाली म्हणून १९१६ चा प्रश्न निकालात निघाला, असे आम्ही मानत नाही. त्या फरशा रोज पहाटे कोण धुतो? तो कायम आहे की कंत्राटी? त्याचा फंड कापला जातो काय, आणि कापलेला भरला जातो काय? हेच प्रश्न आपल्या प्रत्येक स्टेशनला आणि प्रत्येक टपाल कार्यालयाला लागू आहेत.

समाजाची दुसरी परीक्षा होते ती परक्याला मिळणाऱ्या वागणुकीत. बाबूराव विष्णु पराडकर हे १८८३ साली काशीत मराठी घरात जन्मले. ‘आज’ या हिंदी दैनिकाचे ते दीर्घकाळ संपादक होते आणि हिंदी पत्रकारितेत त्यांचे नाव आदराने घेतले जाते. काशीत पराडकर स्मृती भवन उभे आहे. उलट ऑक्टोबर २००८ मध्ये रेल्वे भरतीच्या परीक्षेला मुंबईत आलेल्या उत्तर भारतीय मुलांना केंद्रांवर मारहाण झाली. भरतीची जाहिरात मराठी वृत्तपत्रांत यावी, परीक्षा मराठीतून देता यावी, स्थानिकांना न्याय मिळावा, या मागण्या रास्तच आहेत आणि आम्ही त्यांच्या बाजूचे आहोत. पण त्या मागण्यांचे उत्तर भरती करणाऱ्यांकडे मागायचे असते, हातात प्रवेशपत्र घेऊन आलेल्या बेकार पोराकडे नव्हे.

टपाल खात्यातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. गिरणगावच्या पोस्टात पगार झाला की मनीऑर्डरच्या खिडकीपुढे रांग लागे. तीत रत्नागिरीचा गिरणी कामगार असे, तसा जौनपूर-आझमगडचाही असे. कोकण आणि पूर्वांचल, दोन्ही मनीऑर्डरवर जगणारे मुलूख. फॉर्मवरचा पत्ता वेगळा, पण खाली मोकळ्या जागेत लिहिलेला मजकूर एकच: पैसे पाठवीत आहे, तब्येतीला जपा. शहराने या दोघांना एकाच चाळीत, एकाच फलाटावर झोपवले. त्यांच्यात भांडण लावून कोणाचा फायदा झाला, हे वाचकांनी स्वतः ठरवावे.

म्हणून आमचे मत असे, की मोठे शहर समाजाचा खरा स्वभाव निश्चित दाखवते, फक्त पाहणाऱ्याने मागच्या दाराने शिरले पाहिजे. आपल्यापैकी पुष्कळजण निवृत्तीनंतर पासावर किंवा त्याआधी रजा-प्रवास सवलतीत काशीला जातात. जरूर जावे, दर्शन घ्यावे, शालूही आणावा. पण एक सकाळ घाट झाडणाऱ्याशी आणि माग चालवणाऱ्याशी बोलण्यात घालवावी, आणि परत आल्यावर तेच प्रश्न आपल्या स्टेशनवरच्या कंत्राटी सफाई कामगाराला विचारावेत. त्याचे नाव आपल्याला ठाऊक नसेल, तर सुरुवात तिथूनच करावी.