केसांना 'वाईट' कुणी ठरवले?



शनिवारची संध्याकाळ. शेगडीच्या जाळावर लोखंडी फणी तापत ठेवली आहे. आई खुर्चीवर बसली आहे आणि तिच्या पुढ्यात सात-आठ वर्षांची लेक मान खाली घालून, कान दुमडून धरून बसली आहे. आई केसांना तेलकट मलम लावते आणि तापलेली फणी केसांतून ओढते. चर्र आवाज होतो, जळका वास सुटतो. "हलू नकोस, भाजेल!" आई म्हणते. उद्या रविवार, चर्चला जायचे, केस सरळ दिसले पाहिजेत.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय घरांत पिढ्यान् पिढ्या हे चालत आले. ती आई काही दुष्ट नाही. लेकीला जगाने नावे ठेवू नयेत म्हणूनच ती हे करते. मग मायेच्या हातात तापलेली फणी कुणी दिली?

त्या समाजात केसांना दोन शब्द रूढ झाले, 'चांगले केस' आणि 'वाईट केस'. चांगले म्हणजे गोऱ्यांसारखे सरळ, मोकळे. वाईट म्हणजे आफ्रिकेतल्या पूर्वजांकडून आलेले, दाट आणि बारीक कुरळे. ही विभागणी निसर्गाने केली नाही, गुलामगिरीने केली. लुईझियाना प्रांतावर स्पेनचे राज्य होते तेव्हा, 1786 साली, तिथल्या गव्हर्नरने हुकूम काढला की, आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांनी डोक्याला फडके बांधावे. त्यांचे सजवलेले केस सत्तेला खुपत होते. त्या बायांनी मात्र अशी रंगीत, झोकदार फडकी बांधली की, हीन ठरवण्यासाठी लादलेली खूणच नटण्याची रीत होऊन बसली!

1865 साली गुलामगिरी कायद्याने संपली, पण पोटाचा प्रश्न उरलाच. काम गोऱ्यांच्या हाती आणि गोऱ्यांच्या नजरेला सरळ केस 'नीटनेटके'. सारा ब्रीडलव्ह ही बाई 1867 साली जन्मली. तिचे आईबाप गुलामीत राबलेले. सातव्या वर्षी ती पोरकी झाली, विसाव्या वर्षी विधवा. लोकांचे कपडे धुऊन तिने मुलगी वाढवली. स्वतःचे केस गळू लागले तेव्हा तिने केसांच्या औषधांचा धंदा उभारला आणि 'मॅडम सी. जे. वॉकर' या नावाने ती श्रीमंत उद्योजक झाली. हजारो कृष्णवर्णीय स्त्रियांना तिने स्वकमाईची वाट दाखवली. तिच्या कर्तबगारीला आमचा मानाचा मुजरा. पण त्याच धंद्याच्या वाटेने तापलेली फणीही घरोघर पोचली, हेही खरे.

पुरुषही यातून सुटले नाहीत. माल्कम एक्स यांनी 1965 साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात सांगितले आहे की, तरुणपणी त्यांनी कॉस्टिक सोडा, बटाटे आणि अंडी यांचे मिश्रण डोक्याला थापले. टाळूची आग आग झाली. केस सरळ झाल्यावर ते आरशात बघून खूष झाले. पुढे जाग आल्यावर त्यांनाच त्या खुशीची लाज वाटली.

अशी जाग अनेकांना आली. जानेवारी 1962 मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत सावळ्या-काळ्या तरुणी आपले नैसर्गिक केस घेऊन मंचावर आल्या. 'काळे ते सुंदर' ही घोषणा त्या दशकात गाजली. अँजेला डेव्हिस यांचे गोल, भरगच्च केस लढ्याची ओळख बनले.

पण घोषणेने नोकरी टिकत नाही. 1981 साली एका विमान कंपनीतील कृष्णवर्णीय कर्मचारी स्त्री बारीक वेण्यांच्या हक्कासाठी न्यूयॉर्कच्या कोर्टात गेली आणि हरली. कोर्टाचे म्हणणे असे की, वेण्या काही जन्मजात नाहीत, त्या बदलता येतात. केसांवरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा कॅलिफोर्नियाने 2019 साली केला. त्यानंतर वीसहून अधिक राज्यांनी तो केला, पण सबंध देशासाठी तो अजून झालेला नाही.

आणि किंमत फक्त मानाची नाही. 2022 साली अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने 33 हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांनी केस सरळ करणारी रसायने कधी वापरली नाहीत, त्यांच्यात सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण 1.64 टक्के निघाले. वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत ते 4.05 टक्के होते. रसायनामुळेच रोग झाला असे यावरून सिद्ध होत नाही, पण सावध व्हायला एवढे पुरे आहे. ती वापरणाऱ्यांत कृष्णवर्णीय स्त्रियाच अधिक होत्या.

कुणी विचारील, बाबासाहेबांनीही डिसेंबर 1927 मध्ये महाडला आपल्या आया-आज्यांना राहणी बदलायला सांगितलेच ना? होय, सांगितले. अस्पृश्य म्हणून ओळखू येणारी लुगडे नेसायची पद्धत आणि ते जाड दागिने टाकून द्या म्हणाले. पण ती खूण दुसऱ्यांनी लादलेली होती. लादलेली खूण टाकणे ही मुक्ती. जन्माने मिळालेले केस आणि कातडी यांची लाज बाळगणे ही मात्र नवी गुलामी. हा फरक आपण ओळखायला हवा.

1972 साली आपल्या पोरांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून 'दलित पँथर' हे नाव घेतले. नाव घेतले, पण 'काळे ते सुंदर' हे आपल्या उंबऱ्याच्या आत आले का? काळ्या पोरीला 'काळे' म्हणून हाक मारणारी मावशी आपल्याच घरात आहे. पाहुणे येणार म्हटले की, सावळ्या लेकीच्या तोंडाला क्रीम चोपडणारी आई आपल्याच चाळीत आहे. आणि आमच्याच साप्ताहिकातल्या 'वधू पाहिजे'च्या जाहिरातींत 'गोरी' हा शब्द छापून येतो. तो दोष आम्ही आमच्या पदरात घेतो.

ज्या बाईला हौसेने केस सरळ करायचे असतील तिला आम्ही नावे ठेवणार नाही. तिचे डोके, तिची मर्जी. पण सात वर्षांच्या पोरीला मर्जी नसते. तिला आईचा शब्द असतो. येत्या रविवारी लेकीची वेणी घालताना तिचे केस कुरळे असोत, राठ असोत, विरळ असोत, एकदा तिच्या कानाशी म्हणा, "किती छान केस आहेत गं तुझे!" तेवढ्याला काही खर्च लागत नाही.